रडीचा डाव कोणाशी?

१/२७
गेल्या धाग्यात आपण १८५९ साली योकोहामा बंदरातून जपानचे सोने बाहेर कसे गेले ते पाहिले. त्याखाली एका तरुण वाचकाने लिहिले : “यात लूट कसली? नियमात फट होती, ती त्यांनी हेरली. आम्ही गेममध्ये रोज हेच करतो.” त्यावर दुसऱ्याने त्याला खडसावले : “मग गेममध्ये करतोस तीही चीटिंगच!” पुढे बराच वेळ दोघांची जुंपली होती. त्या वादाचे उत्तर दोन ओळींत देता येण्याजोगे नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

२/२७
माझ्या मते दोघेही चुकले, आणि दोघांची चूक एकच आहे. पहिला म्हणतो, गेममधले कृत्य निर्दोष, म्हणून योकोहामातलेही निर्दोष. दुसरा म्हणतो, योकोहामातले कृत्य दोषी, म्हणून गेममधलेही दोषी. दोघांनी कृत्याचा आकार तेवढा पाहिला. ते कृत्य कोणाच्या बाबतीत घडले, व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे होते, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा.

३/२७
माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. एकट्याने खेळावयाच्या रोल-प्लेइंग गेममध्ये पैशाची पळवाट वापरणे ही फसवणूक नव्हे. त्याने खेळाची गोडी कमी होत असेल, पण ती वेगळी गोष्ट. तीच पळवाट माणसांच्या बाजारात वापरली तर मात्र ती फसवणूक ठरू शकते, मग कागदावरचा नियम काहीही म्हणो. ‘नियमात बसते’ एवढ्यावर कोणी निर्दोष ठरत नाही आणि ‘पळवाट वापरली’ एवढ्यावर कोणी दोषीही ठरत नाही.

४/२७
ज्यांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी पळवाट म्हणजे काय ते सांगतो. २००२ साली बेथेस्डा या अमेरिकी कंपनीचा ‘मॉरोविंड’ आला. त्यात आपण सुटका झालेला कैदी म्हणून व्हार्डनफेल नावाच्या बेटावर उतरतो. गुहा आणि थडगी धुंडाळून मिळालेली शस्त्रे, चिलखते गावोगावच्या दुकानदारांना विकतो. दुकानदार मोल पाडून मागतो, आपण त्याला आवडलो नाही तर आणखी पाडतो. शिवाय त्याच्या गल्ल्यात रक्कमही बेताची असते. मौल्यवान तलवार हाती असूनही तिचे पुरते पैसे होत नाहीत.

५/२७
पण काल्डेरा नावाच्या गावी एका हवेलीत क्रीपर नावाचे एक छोटे पिशाच्च बसलेले असते. ते घासाघीस करीत नाही, वस्तूची पूर्ण किंमत देते. त्याच्याजवळ ५,००० सोन्याची नाणी असतात आणि खेळातले २४ तास उलटले की ती पुन्हा तितकीच होतात. दूर किनाऱ्यावर असाच एक बोलका खेकडा आहे. त्याच्याजवळ १०,००० नाणी. या दोघांचा ठावठिकाणा लागला की द्रव्याची चणचण कायमची संपते.

६/२७
तिसरी वाट औषधांची. बुद्धी वाढविणारा काढा प्यायला की अधिक गुणकारी काढा करता येतो. तो प्यायला की त्याहून गुणकारी. काही फेऱ्यांतच खेळाडूची बुद्धी अशा आकड्यापर्यंत पोचते की त्याने केलेल्या औषधाला राजवाड्याचे मोल यावे. शिवाय काही दुकानदारांकडील वनस्पतींचा साठा कधी संपतच नाही. त्यांच्याकडूनच माल घ्यावयाचा, तेथेच औषध सिद्ध करावयाचे आणि त्यांनाच चढ्या भावाने विकावयाचे.

७/२७
दुसरे उदाहरण २०१५ सालच्या ‘द विचर ३’चे. हा पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा गेम. त्यातील व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच गावात काही गाई चरत असतात. त्या मारावयाच्या, कातडी गोळा करावयाची, ध्यान लावून काळ पुढे ढकलावयाचा; गाई पुन्हा हजर. कातडी विकावयाची. राक्षसांना मारून उदरनिर्वाह करणारा कथानायक अशा रीतीने कातड्याचा व्यापारी होऊन बसतो. खेळाडूंनी ही वाट पहिल्या काही आठवड्यांतच शोधली.

८/२७
आता ‘फसवणूक’ या शब्दाकडे येऊ. मे महिन्याच्या सुट्टीत ‘व्यापार’ खेळलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक आहे. बँक सांभाळणारा मामेभाऊ हळूच दोन नोटा पटाखाली सरकवतो, आणि डाव संपताना त्याच्यापाशी अचानक पैसा निघतो. त्याला आपण ‘रडीचा डाव’ म्हणतो. नोटा कागदी आहेत आणि पटावरची शहरेही कागदीच. पण भोवती बसलेली चार मुले खरी आहेत. इतरही नियम पाळतील या भरवशावर त्यांनी दुपारभर नियम पाळले. मामेभावाने त्या भरवशाचा फायदा घेतला, म्हणून ती फसवणूक.

९/२७
डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहून खेळ आणि संस्कृती यांचे नाते तपासले. त्यात त्यांनी एक मोलाचा भेद सांगितला आहे. खेळ उधळणारा नियम उघडपणे झुगारतो, त्यामुळे खेळाचे जगच कोसळते. फसवणारा मात्र आपण नियमाने खेळत आहोत असे भासवीत राहतो. नियमांवाचून त्याचे चालत नाही. म्हणजे फसवणुकीचा गाभा भासविण्यात आहे, आणि भासवावयाचे तर समोर कोणीतरी हवे.

१०/२७
तेव्हा फसवणूक ठरण्यास तीन गोष्टी लागतात. एक, समोर दुसरी व्यक्ती. दोन, त्या दोघांमध्ये बोललेला किंवा न बोललेला करार. तीन, तो करार मोडून किंवा वाकवून दुसऱ्याच्या अज्ञानाचा अथवा असहायतेचा घेतलेला लाभ. यांतील एक जरी गोष्ट नसेल तर त्या कृत्याला हवे तर आळस म्हणा, हाव म्हणा, अरसिकता म्हणा. फसवणूक म्हणता येणार नाही.

११/२७
ही कसोटी क्रीपरला लावा. व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? कोणीही नाही. त्या ५,००० नाण्यांसाठी कोणी खाण खणली नाही, कोणी कर भरला नाही, कोणाच्या मुलाच्या तोंडचा घास गेला नाही. ती नाणी २४ तासांनी शून्यातून येतात. तुम्ही लक्षाधीश झालात म्हणून काल्डेऱ्यात धान्य महाग होत नाही आणि शेजारच्या घरातील बाई उपाशी झोपत नाही. तेथे अर्थव्यवस्था नाही, तिचा देखावा आहे.

१२/२७
पहिला आक्षेप : “पण निर्मात्याचा हेतू तसा नव्हता.” क्रीपरच्या बाबतीत हे खरे वाटत नाही. पिशाच्चाला दुकानदार करून त्याच्या गल्ल्यात नाणी कोणीतरी जाणूनबुजून ठेवली आहेत. काही पळवाटा मात्र निखळ चुका असतात. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये मंत्रांच्या गुंडाळ्यांच्या साहाय्याने कोणत्याही वस्तूच्या प्रती काढता येत, १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मध्येही लढाईतील एका चुकीमुळे वस्तू वाढविता येत. हे निर्मात्यांना अभिप्रेत नसावे हे उघड आहे.

१३/२७
पण निर्मात्याचा हेतू म्हणजे खेळाडूशी केलेला करार नव्हे. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा घेऊन एखाद्याने आधी शेवटचे पान वाचले, तर लेखकाचा हेतू फसला खरा. पण वाचकाने लेखकाला फसविले असे आपण म्हणत नाही. पुस्तक त्याने विकत घेतले, कोणत्या पानापासून वाचावे हा त्याचा प्रश्न. खेळाचेही तसेच. निर्मात्याने एक जग रचले आणि आपल्या हाती दिले. त्यातून कोणत्या वाटेने जावे याविषयी त्याची इच्छा असू शकते, हक्क नव्हे.

१४/२७
‘द विचर ३’च्या निर्मात्यांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी त्याच वर्षी एका सुधारणेत गाईंसाठी रक्षक नेमला. अधिक गाई मारल्या की तेथे एक भयंकर राक्षस प्रकट होऊ लागला. पुढे ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ या विस्तारात त्यांनी एक करअधिकारीच आणला. तो नायकाला विचारतो, तुमची ही संपत्ती व्हाइट ऑर्चर्डच्या गाईंच्या कातड्यांतून तर आली नाही ना? खरे सांगावे की खोटे, हे खेळाडूने ठरवावे.

१५/२७
म्हणजे निर्मात्यांनी खेळाडूंना चोर ठरविले नाही, त्यांची थट्टा केली. आपले काहीही चोरीला गेलेले नाही हे त्यांना ठाऊक होते. याउलट २०११ च्या ‘स्कायरिम’मधील औषधांची अशीच एक साखळी चाहत्यांनी तयार केलेल्या अनधिकृत दुरुस्तीने बंद केली, तेव्हा अनेक खेळाडू नाराज झाले. आमच्या एकट्याच्या खेळात नीतिरक्षक नेमणारे तुम्ही कोण, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

१६/२७
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : “तुम्ही स्वतःलाच फसवता.” मॉरोविंडमध्ये हे मी स्वतः अनुभवले आहे. वसतिगृहात मित्राच्या संगणकावर खेळताना क्रीपरचा शोध लागला आणि आठवडाभरात माझ्यापाशी विकत घेता येईल ते सर्व होते. त्यानंतर एकाही गुहेत शिरण्याचे कारण उरले नाही. तो खेळ मी अर्धवट सोडला. नुकसान झाले हे मान्य. पण कोणी मला गंडविले नव्हते. काय करतो आहे ते मला ठाऊक होते आणि किंमतही मीच मोजली.

१७/२७
आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : व्रतभंग. ‘पळवाट न वापरता हा खेळ पूर्ण करीन’ असा संकल्प करून जो क्रीपरकडे जातो त्याचा व्रतभंग होतो. एकट्याने पेशन्सचा डाव मांडून पान हळूच उलटून पाहणाऱ्या आजोबांचाही होतो. व्रतभंगाची बोच ज्याची त्याला. पण ज्याने व्रतच घेतले नाही त्याच्यावर ते मोडल्याचा आरोप कसा ठेवता येईल?

१८/२७
हाच एकट्याचा खेळ फसवणूक केव्हा होतो तेही सांगितले पाहिजे. समोर दुसरा आला की. खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करण्याची स्पर्धा लावणारे खेळाडू म्हणूनच आपले गट वेगळे ठेवतात : एकात सर्व पळवाटा मोकळ्या, दुसऱ्यात प्रोग्रॅममधील चुकांचा वापर वर्ज्य. पहिल्या गटात जी कृती कौशल्य मानली जाते तीच दुसऱ्यात लपवून केली तर फसवणूक. पळवाट तीच, करार वेगळा. मित्रांपुढे “सगळे कष्टाने मिळविले” अशी खोटी बढाई मारणाराही याच पंक्तीत बसतो.

१९/२७
आणि अनेकांनी मिळून खेळावयाच्या जगात तर चित्र पूर्णच पालटते. २००० सालच्या ‘डायब्लो २’मध्ये सोन्याला मोल उरले नव्हते, म्हणून खेळाडू ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाच्या अंगठीला चलन मानून देवघेव करीत. काहींनी त्या अंगठीच्या प्रती काढण्याची युक्ती शोधली आणि बाजार बनावट अंगठ्यांनी भरला. ज्याने रात्री जागून खरी अंगठी मिळविली त्याच्या श्रमाचे मोल घसरले. २००३ च्या सुधारणेत या अंगठ्या दुकानदारांना विकून जगातून नाहीशा व्हाव्यात अशी योजनाच निर्मात्यांना आखावी लागली.

२०/२७
हे वाचताना मुहम्मद बिन तुघलक आठवला असेल, तर बरोबर आठवला. १३२९-३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवावीत असे फर्मान काढले. नकल करणे सोपे होते, तेव्हा घरोघर टांकसाळी निघाल्या असे समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. अखेर सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातील चांदी द्यावी लागली. ‘प्रती काढण्याची युक्ती’ तीच. पण येथे खजिना खरा होता आणि तो भरणारी रयतही खरी होती.

२१/२७
आता योकोहामा. १८५३ मध्ये पेरीची लढाऊ जहाजे एदोच्या उपसागरात आली. त्या दडपणाखाली झालेल्या १८५८ च्या व्यापारी करारात एक कलम होते : परदेशी नाणे त्याच धातूच्या जपानी नाण्याशी वजनास वजन बदलून मिळेल. जपानमध्ये इचिबू हे चांदीचे नाणे वजनावर नव्हे, शोगुनच्या शिक्क्यावर चाले. हे जपानी अधिकाऱ्यांनी परोपरीने सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही. परिणामी जपानात सोन्या-चांदीचे प्रमाण सुमारे १ : ५ आणि बाहेर सुमारे १ : १५, अशी फट पडली.

२२/२७
हिशेब साधा होता. ४ मेक्सिकन डॉलर द्या, सुमारे १२ इचिबू घ्या. ४ इचिबूंना १ सोन्याचे कोबान, म्हणजे ३ कोबान घ्या. ती शांघायला नेऊन विका, सुमारे १२ डॉलर हाती येतात. पुन्हा जहाजात बसा. मॉरोविंडमधील औषधांच्या साखळीशी याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे, आणि आपला पहिला वाचक येथेच फसला. इचिबू मिळविण्यासाठी काही व्यापाऱ्यांनी थट्टेखोर खोट्या नावांनी अवाढव्य रकमांचे अर्ज केले, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी अल्कॉक यांनाच त्यांची जाहीर कानउघाडणी करावी लागली.

२३/२७
शिवाय जपानी शासनाने ही फट बुजविण्याचा प्रयत्न केला होता. १८५९ मध्ये बंदरे उघडतानाच त्याने अधिक चांदीचे एक नवे नाणे काढले, जेणेकरून प्रमाण जगाशी जुळावे. अमेरिकेचे हॅरिस आणि ब्रिटनचे अल्कॉक या दोघांनी तो करारभंग ठरविला आणि ते नाणे थोड्याच दिवसांत मागे घ्यावे लागले. ‘विचर’च्या निर्मात्यांनी गाईंना राक्षस रक्षक दिला तेव्हा त्यांना रोखणारे कोणी नव्हते. जपानला आपल्याच घराचे भोक बुजविण्याची मुभा नव्हती. याला मी ‘हेरलेली फट’ म्हणणार नाही.

२४/२७
आणि दुसऱ्या टोकाला कोण होते? कोबानमधील सोने शून्यातून येत नव्हते. सादो बेटावरील खाणींत पाणी उपसण्यासाठी एदोमधून पकडून नेलेली, नोंदवहीत नाव नसलेली माणसे राबत असत. १८६० मध्ये शासनाने नवे कोबान काढले, त्यात सोने जुन्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. नाणे हलके झाले, त्यात परदेशात रेशमाची मागणी वाढली, भाव भडकले. ठराविक उत्पन्नावर जगणारे कनिष्ठ सामुराई आणि शहरांतील कष्टकरी यांना त्याची झळ लागली. तो असंतोष शोगुनशाहीच्या अखेरीपर्यंत धुमसत राहिला.

२५/२७
“मग भावातील फरकावर नफा घेणे हेच पाप काय?” मुळीच नाही. पेशवाईत नाना टांकसाळींचे नाना रुपये चालत. सराफ नाणे पारखी, त्यावर बट्टा घेई आणि बदलून देई. तोही दोन नाण्यांतील फरकावरच जगे. पण पेढीवर आलेल्या माणसाला बट्टा किती ते कळे, पटले नाही तर त्याला शेजारच्या पेढीवर जाता येई. ज्या सराफाने हे सोडून अडलेल्या शेतकऱ्याला नाडले त्याच्या नावाला लोकांनीही बट्टा लावला. कसोटी तीच : समोरच्याला ठाऊक आहे का, आणि तो नाही म्हणू शकतो का?

२६/२७
खडसावणाऱ्या दुसऱ्या वाचकालाही एक सांगणे आहे. एकट्याच्या खेळातील पळवाटेला चीटिंग म्हणण्यात कधी कधी कोणाचा तरी धंदा असतो. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये युबिसॉफ्ट कंपनी नायकाची प्रगती वेगाने व्हावी यासाठीची सोय खऱ्या पैशांना विकत असे. २०१९ मध्ये खेळाडूंनी त्याच गेममधील साधन वापरून झटपट अनुभवगुण देणाऱ्या मोहिमा रचल्या. कंपनीने त्यांना गैरवापर ठरवून त्या दडपल्या, रचणाऱ्यांना कारवाईचा इशारा दिला. पैसे देऊन घेतलेला आडमार्ग चालतो आणि स्वतः शोधलेला चालत नाही, ही कोणती नीती?

२७/२७
तेव्हा मित्रहो, क्रीपरला खुशाल लुटा. मॉरोविंडचा डाव नीरस झाला तर तक्रार मात्र करू नका. पण ‘एक्स्प्लॉइट’ हा खेळातला शब्द इतिहासात आणताना सांभाळा. योकोहामाच्या व्यापाऱ्याला ‘हुशार खेळाडू’ म्हटले की सादोच्या खाणीतला माणूस क्रीपरसारखा शून्यातून उगवलेला भासू लागतो, आणि मग त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. पुढच्या धाग्यात पेशवाईतील टांकसाळी आणि बट्ट्याचे दर पाहू. तोवर खाली लिहा : इतिहासातील असा कोणता व्यवहार तुम्हाला आजवर नुसती हुशारी वाटत होता? त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, तेही शोधून लिहा.